गोया म्हटलं की गोवा

सोयाबीन वाळत आलं की वाऱ्यावर शेंगा खुळखुळायला लागतात. पिंपळगाव राजाच्या आमच्या शिवारात सध्या सगळीकडे हाच आवाज आहे. सकाळी शाळेत जाताना तो रस्त्याच्या दोन्ही अंगांनी येतो. दुपारी उन्हं तापली की एखादी शेंग टचकन फुटल्याचंसुद्धा कळतं. हवेत वाळल्या पाल्याचा उग्र वास असतो, बारीक लव अंगाला टोचते आणि जो तो घाईत असतो. लोकांना हे दिवस आवडतात. मलाही आवडायचे. पण त्या एका हंगामापासून शेंगा वाजायला लागल्या की माझा घसा दुखतो. खरोखर दुखतो. मी नकळत एकेक शब्द सुटा करून, तोंड पूर्ण उघडून बोलायला लागते आणि वर्गातली मुलं एकमेकांकडे बघून हसतात.

त्या हंगामात मी सबंध घराच्या वतीने बोलत होते.

सुरुवात भादव्यात झाली. माझ्या सासूबाईंना, आम्ही सगळेच त्यांना आई म्हणतो, ताप आला. तो काही दिवस राहिला आणि जाताना त्यांचे दोन्ही कान घेऊन गेला. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासलं, कानाला यंत्र लावून बघितलं. आई म्हणाल्या, "टिनावर गिट्टी टाकल्यासारखं वाजते नुसतं. बोलनं नाई त्याच्यात." ते यंत्र डबीत गेलं आणि डबी कपाटात गेली.

आईंना ओळखणाऱ्यालाच यातली आपत्ती कळेल. आमच्या ओट्यावर दिवसभर कोणी ना कोणी बसलेलं असायचं. सोंगणीला, म्हणजे पीक कापायला, बाया ठरवायच्या, कोणाच्या सुनेची समजूत घालायची, कोणाच्या सासूची घालायची नाही, हे सगळं आई बसल्या जागेवरून, भाजी निवडता निवडता करायच्या. बहिरेपणाने माणूस मुकं होत नाही. आई झाल्या. ओट्यावर कोणाची सावली पडली की त्या उठून आत जायच्या आणि भिंतीकडे तोंड करून लसूण सोलत बसायच्या. इतका लसूण आम्हाला वर्षभरात लागला नसता.

मग ज्योतीने फोन पाठवला. ज्योती माझी धाकटी नणंद. ती पुण्यात नोकरी करते, आणि तिचं कामच असं की माणसाचं बोलणं ऐकून ते यंत्राने लिहून काढायचं. म्हणजे यंत्राला ते शिकवायचं. तिने फोनमध्ये तशी सोय करून दिली होती. समोरच्याने बोलायचं, आणि पडद्यावर ठळक अक्षरं उमटायची. आई सातवी शिकलेल्या, पेपर पहिल्या पानाच्या कोपऱ्यापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणाऱ्या. आम्हाला वाटलं, सुटलो.

पहिल्यांदा माझे यजमान, गजानन, फोनपुढे वाकले. त्यांचं पाण्याच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान आहे. यंत्राशी कसं वागावं हे आपल्याला कळतं असा त्यांचा समज आहे.

"आई, गोया खाल्ल्या का?"

पडद्यावर आलं, 'आई गोवा खाल्ला का.'

आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याचा डोया, शाळेची शाया, गोळ्यांच्या गोया. आईंनी पडदा वाचला, गजाननकडे पाहिलं, परत वाचला. गजाननने आवाज चढवला. "गोया! बीपीच्या गोया!" यंत्राने 'गोवा'च्या पुढे 'बीपी' जोडून दिलं.

बाबा, म्हणजे माझे सासरे, पुढे सरकले. "मले भूक लागली म्हनाव तिले."

'मुले भूक लागली म्हणून किल्ले.'

"कोनाची मुलं?" आईंनी विचारलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे त्या ओरडूनच बोलायच्या. शेजारच्या घरातून कोणीतरी डोकावलं.

मी भांडी आवरत होते. तिथूनच म्हटलं, "आई, गोळ्या घेतल्यात का?" आणि त्या फोनने ते वाक्य असं सुबक लिहून काढलं, शेवटी प्रश्नचिन्हासकट, की घरातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. त्या क्षणी मी ओळखायला हवं होतं.

माझं माहेर पुण्याचं. शिक्षकभरतीत बुलढाणा जिल्हा वाट्याला आला, इथेच लग्न झालं आणि मी इथलीच झाले. जीभ मात्र झाली नाही. इतकी वर्षं माझ्या बोलण्याची या घरात हौसेने नक्कल व्हायची. "वहिनी बातम्या देऊन राह्यल्या," असं ज्योती तिच्या लग्नाआधी म्हणायची. आता त्याच बातम्यांवर घर चालायला लागलं. ज्या यंत्राने माझ्यासारखी, वाचून दाखवल्यासारखी मराठी तासन् तास ऐकली होती, त्याला माझंच बोलणं तेवढं मराठी वाटत होतं. स्वतःच्या आईशी बोलायला तिच्या मुलाला पुण्याची सून मध्ये घ्यावी लागत होती.

त्या हंगामाची चव मला आठवते ती घशात धूळ आणि तोंडात दुसऱ्यांची वाक्यं अशी. सकाळी डबा भरताना गजानन, "आईले सांग, आज वरच्या वावरात बाया लावल्या." मी सांगायची. बाबा दारातून, "सूनबाई, तिले इचार, ताडपत्री कुठं ठेवली." मी विचारायची. आई उत्तर द्यायच्या, त्यावर बाबा तणतणायचे, तेही मीच बोलून दाखवायचं, तेही व्याकरणशुद्ध! "बाबा म्हणतात, तुम्हाला विचारण्यात काही अर्थ नाही." आई त्यावर माझ्याकडेच रागाने बघायच्या. शाळेत दिवसभर बोलून घरी यावं तर ओट्यावर दोन बाया वाट बघत बसलेल्या. त्यांचं मजुरीवरून आईंशी भांडण होतं आणि ते सुरू करायला मी हवी होते. पंखा बंद करा, नाहीतर फोनला ऐकू येत नाही. कुकरची शिट्टी होऊ द्या. गाय हंबरली, परत सांगा. थोडं हळू. थोडं स्पष्ट. मी एकेक वाक्य चार चार वेळा म्हणत होते आणि आई माझ्यासमोर बसून, कधी पडद्याकडे, कधी माझ्याकडे बघत ऐकत होत्या. ऐकत म्हणजे, तुम्हाला कळलं.

एका संध्याकाळी बाबा स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आले. बाबा तसे आत येत नाहीत. चुलीजवळच्या सरपणाकडे बघत म्हणाले, "तिले एक सांगजो."

"काय?"

"सांगजो का, तू बोलत नाई तं घर खायाले उठते म्हनाव."

एवढं बोलून गेलेसुद्धा. मी हात पुसले. आईंसमोर फोन धरला, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि शक्य तितकं मनापासून म्हटलं, "बाबा म्हणतात, तुम्ही बोलत नाही तर त्यांना घरात करमत नाही."

अक्षरं आली. एकही चूक नाही. आईंनी वाचलं आणि मान हलवली. "असं म्हनलेच नसन ते."

"अहो, म्हणाले. आत्ताच."

"करमत नाई असं ते म्हनत नाईत. आजवर नाई म्हनलं. हे तुह्यं बोलनं हाय." त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "तू सगयं नीट सांगते वं. पन सगये तुह्यासारखेच बोलाले लागले. माह्यं घर कुठं गेलं मग?"

मला इतका राग आला की मी अंगणात जाऊन ज्योतीला फोन लावला. राग आईंचा नव्हता. कशाचा होता तेही मला नीट सांगता येणार नाही. मी त्या वाक्याचा खरा शब्द गाळला होता, आणि गाळला नसता तर यंत्राने त्याची माती केली असती, याचा असावा.

"तुझं यंत्र तुझ्या आईची भाषा बोलत नाही," मी म्हटलं. "ये आणि निस्तर."

"वहिनी, ते एवढं सोपं नसते."

"मग अवघड असेल तसं कर. पण ये."

ती यायला निघाली त्या दिवशी मी शाळेत होते. गजाननने दुकानातून घरी येऊन, मी नसताना, मोठ्या उमेदीने आईंना स्वतःच सांगितलं, "ज्योती येऊन राह्यली." मी घरी पोहोचले तर ज्योतीसाठी घेतलेली पुरणाची डाळ तशीच पातेल्यात, परातीत कणीक अर्धी भिजलेली, आणि आई पांघरूण घेऊन पडलेल्या. गजानन हवालदिल. फोन उघडून बघितला तर पडद्यावर वाक्य अजून तसंच होतं, 'ज्योती यायची राहिली.'

तासाभरात खामगावच्या जीपमधून ज्योती उतरली, बॅग ओट्यावर टाकून थेट आईंपाशी गेली. आईंनी तिला बघितलं, तोंडावर हात फिरवला आणि पहिलं वाक्य गजाननसाठी ओरडल्या, "खोटारड्या! नाई येत म्हनला होता ना बे!"

ज्योतीने महिनाभर घरूनच काम करायची परवानगी काढली होती. तिने समजावून सांगितलं ते असं: यंत्राला सगळं नव्याने शिकवायचं नाही. त्याला मराठी येते; फक्त आपलं घर माहीत नाही. आपण त्याला आपली वाक्यं ऐकवायची, प्रत्येक वाक्य खाली अचूक लिहून द्यायचं, म्हणजे आधीच्या ज्ञानावर ते हे चढवतं. ऐकायला किती सोपं! तिने वाक्यं छापून आणली आणि बाबांच्या हातात कागद दिला. बाबांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि जन्मात कधी बोलले नाहीत अशा आवाजात वाचलं, "मला. पाणी. पाहिजे."

"बाबा, तुम्ही बोलता तसं म्हना ना!"

"कागदावर हाय तेच वाचून राह्यलो."

"मी कागदावर 'मले पानी पायजे' लिहिलं तं वाचान का?"

तिने तसं लिहून दिलं. बाबांनी वाचलं, "मला पाणी पाहिजे." कागद हातात आला की या घरातला प्रत्येक माणूस शाळेत जाऊन बसायचा. गजाननने तर वाक्याच्या शेवटी 'जय हिंद' म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं.

शेवटी तिने फोन जेवणाच्या ताटांमध्ये ठेवून दिला आणि म्हणाली, बोला काय बोलायचं ते. पहिले दोन दिवस घर चिडीचूप जेवलं. तिसऱ्या दिवशी बाबा आणि गजानन सोयाबीन आता विकायचं की ठेवायचं यावरून असे भिडले की ज्योती आनंदाने टाळ्या वाजवायचीच राहिली होती.

ते बोलणं लिहून काढायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. अक्षर चांगलं, शाळेला दिवाळीची सुट्टी लागलेली, आणि घरात दुसरं कोणी बसून लिहिणारं नाही. कानाला हेडफोन लावून मी सासऱ्यांच्या शिव्या लिहीत होते. ज्योती खांद्यावरून वाचायची आणि किंचाळायची, "वहिनी! शुद्ध नका करू!" कारण माझा हात आपोआप 'मले'चा 'मला' करायचा. वीस वर्षं मुलांच्या वहीतला तोच शब्द मी लाल शाईने खोडत आले होते. बोटांना ते वळणच पडलं होतं. "तुम्ही त्याले चुकीचं शिकवून राह्यल्या," ज्योती म्हणायची. मला! चुकीचं!

आणि गंमत म्हणजे ती स्वतः पुण्याला फोन लावायची तेव्हा माझ्याहून शुद्ध बोलायची. एकदा मी विचारलं, तर लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "तिथं पहिल्या मीटिंगमध्ये 'का'च्या जागी 'काऊन' म्हनलं होतं मी. सगये हसले. मग नाई म्हनलं."

थ्रेशर आला त्या दिवशी आई खळ्यावर निघाल्या. कित्येक आठवड्यांनी त्या घराबाहेर पडत होत्या, म्हणून आम्ही सगळेच हरखलो. ज्योतीने शिकवलेलं यंत्र तोवर घरातल्या शांततेत बऱ्यापैकी ऐकायला लागलं होतं. 'गोया' त्याला जमत होतं. खळ्यावर ट्रॅक्टरने जोर धरला, थ्रेशर गर्जायला लागला, एका तोंडाने दाणे आणि दुसऱ्या तोंडाने कुटार, म्हणजे शेंगांचा भुसा, उडायला लागलं, आणि आईंच्या हातातल्या पडद्यावर अक्षरं धावायला लागली. 'धन्यवाद. धन्यवाद. धन्यवाद. धन्यवाद.'

"कोन देऊन राह्यलं एवढे धन्यवाद?" आईंनी त्या गोंधळावर मात करणाऱ्या आवाजात विचारलं.

ज्योतीने कपाळावर हात मारला. यंत्राला नुसता गोंगाट ऐकू आला की ते गप्प बसत नाही, मनाने काहीतरी लिहीत सुटतं, असं तिने मला कानात ओरडून सांगितलं. तेही मी आईंना सांगायचं होतं. मी तोंडाला बांधलेला रुमाल खाली ओढला, आईंसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "मशीनचा आवाज आहे. कोणी काही म्हणत नाही." फोन धन्यवाद देतच होता. आईंनी मान डोलावली आणि बायांकडे वळल्या. मीही दाणे चाळायला वळले. तेव्हा मला यात काही खटकलं नाही, इतकी मी वैतागले होते.

मग ज्योतीने थ्रेशरचा आवाजही भरून घेतला, पंख्याचा, कुकरचा, गायीचा. घरच्या वाक्यांखाली ते आवाज मिसळून तिने पुन्हा शिकवणी घेतली. दिवाळी होऊन गेली. पहाटे गारवा सुटला होता, वावरं रिकामी झाली होती, पोत्यांनी ओसरी भरली होती. एका दुपारी बाबांनी पहिला घास घेतला आणि नेहमीप्रमाणे कोणाकडेही न बघता कुरकुरले. ताटाशेजारी उभ्या केलेल्या फोनवर स्वच्छ उमटलं, 'या भाजीत मीठ काऊन नाई टाकलं बाप्पा.'

आईंनी वाचलं. एकदा, दोनदा. 'काऊन'वर बोट ठेवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतायत. पण त्या हसत होत्या. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "हे बोलले ते," त्या म्हणाल्या. "हे तेच बोलले." बाबांना काय झालं ते कळेना. त्यांना मीठ हवं होतं.

इथे लेख संपवता आला असता. यंत्र शिकलं, आई ओट्यावर परतल्या, बाया आल्या, भांडणं मिटली. पण मग मी बोलले.

"बाबा, मीठ ताटात वाढलंय," मी म्हटलं.

'बाबा मीत तात वाड लय.'

ज्योतीचा चेहरा उतरला. मी पुन्हा बोलले. आणखी हळू, आणखी स्पष्ट. यंत्र आणखी बहकलं. ज्या यंत्राला सबंध हंगामभर फक्त माझं बोलणं कळत होतं, ते मला विसरलं होतं! "असं होते, वहिनी," ज्योती चाचरत म्हणाली. "नवीन जास्त शिकवलं की जुनं पुसल्या जाते. तुमचीही वाक्यं मधे मधे ऐकवत राहाले पायजे होती. माह्याकडून राहून गेलं." पुण्याला जाऊन ती दुरुस्त करणार होती. तोवर? तोवर मी 'मले' म्हणायचं. गजानन इतके हसले की मी त्यांना ताक वाढलं नाही.

ज्योतीने नंतर ते दुरुस्त केलं. आता फोन मलाही ऐकतो आणि बाबांनाही. बहुतेक वेळा. यंदा कोणाची तरी सुडी, म्हणजे कापलेल्या पिकाची गंजी, पेटली तेव्हा त्याने 'सुडी'चं 'साडी' केलं आणि आई दुपारभर कोणाची साडी पेटली म्हणून चौकशी करत होत्या. पण ते सोडा. मला सांगायची आहे ती मधल्या दिवसांतली गोष्ट, ज्योती गेली होती आणि दुरुस्ती यायची होती तेव्हाची.

शाळा उघडली होती. मी घरी आले, चपला काढल्या आणि ओट्यावर आईंशेजारी बसून सवयीने बोलायला लागले. आमच्या मुख्याध्यापकांनी वर्ग रंगवायला आलेल्या माणसाला साहेब समजून नमस्कार केला, चहा पाजला, मुलांकडून स्वागतगीत म्हणवून घेतलं आणि मग तो माणूस विचारता झाला, बादली कुठे ठेवू. आई हसल्या. नेमक्या बादलीवर हसल्या. "मंग? ठेवली का बादली?"

मी फोनकडे बघितलं. पडद्यावर होतं, 'मुक्या दया पकानी वर गरम.' त्यात ना साहेब होता, ना बादली.

मी फोन उचलून पालथा ठेवला. आईंकडे तोंड केलं आणि आवाज न काढता, फक्त ओठांनी विचारलं, "आई, चहा घेणार?"

"घेते. साखर कमी टाक."

"तुम्हाला कळतं? मी बोलते ते?"

"तुह्यं कळते. बाकीचे तोंडातल्या तोंडात बोलते. तू कशी, पुऱ्या तोंडानं बोलते. अन् रोज समोर बसून, तेच तेच."

"कधीपासून?"

"सोंगणीपासून थोडं थोडं. थ्रेशरच्या वक्ताले तं पुरं समजत होतं."

मी संतापले. खरंच संतापले. घसा बसला होता माझा त्या दिवसांत, मिठाच्या गुळण्या करून शाळेत जात होते. "मग मला रोज चार चार वेळा का म्हणायला लावलंत? एकदा सांगायचं नाही का, की कळलं म्हणून?"

आईंनी माझ्या ओठांकडे बघून हे सगळं नीट ऐकून घेतलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, त्या हळू बोलल्या. किती हळू ते त्यांना कळलंही नसेल.

"सांगतलं असतं तं तू एकडाव बोलली असती, अन् उठून गेली असती."

मी उठले. चहा ठेवायचाच होता. उंबऱ्यातून आत जाताना मान हलवत स्वतःशीच पुटपुटले, की कमाल आहे या बाईची, लबाडीलाही काही हद्द असते. आणि पाठीमागून तोच जुना, शेजारपाजाऱ्यांना जागवणारा आवाज आला.

"पाठ करून काय बोलून राह्यली वं? इकडं तोंड कर!"